भूकंप आणि घराचा पाया

(नभोवाणीवरील भाषण)

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्याची ४ तारीख, बुधवार. सकाळीं साडेसात वाजण्याच्या सुमारास चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत भूमि हालली. फळीवरचीं भांडीं वाजलीं, टांगलेल्या वस्तु डोलूं लागल्या आणि पुष्कळ लोक भांबावून घराबाहेर आले. क्षणभरांत सर्व शांत झालें. या भूकंपाचें केंद्र गोदावरीच्या पलीकडे, तेलंगणांतील मुलुगु जिल्ह्यांत होतें, व त्याचें मान रिश्टर मापानें ५.३ भरलें. चंद्रपूर-गडचिरोलीकडे प्राणहानि झाली नाहीं. चार दिवस चावडीवर व चौकांत त्याची चर्चा झाली आणि मग ती मागें पडली. विसरणें हा मनुष्याचा स्वभाव आहे. भूमीचा तो नाहीं.

याच गोदावरीच्या खोऱ्यांत, भद्राचलमजवळ, १३ एप्रिल १९६९ रोजीं ५.७ मानाचा भूकंप झाला होता. उत्तरेस जबलपूर येथें २२ मे १९९७ रोजीं भूकंप होऊन कांहीं माणसें दगावलीं, व त्याचे हादरे विदर्भांतही जाणवले. म्हणजे दक्षिणेकडून व उत्तरेकडून, दोन्ही बाजूंनीं, हा प्रदेश मधूनमधून हालत आलेला आहे. आपल्याकडील भूमि हिमालयाच्या पायथ्यासारखी चंचल नाहीं हें खरें. परंतु ती अगदीं निश्चल आहे, असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं.

याचें कारण फार जुनें आहे. प्राणहिता व गोदावरी यांचें खोरें म्हणजे केवळ नद्यांनीं खोदलेली दरी नव्हे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं येथें भूपृष्ठास लांबच लांब भेगा पडल्या व दोन भेगांमधला पट्टा खालीं खचला. त्या खळग्यांत वाळू, गाळ व अरण्यांतील वनस्पति यांचे थरावर थर सांचले. सुमारें २५ ते ३० कोटि वर्षांपूर्वींच्या त्या गाडल्या गेलेल्या वनस्पतींचाच आज दगडी कोळसा झाला आहे. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथील खाणींतून जो कोळसा निघतो व ज्यावर चंद्रपूरचें महाऔष्णिक वीजकेंद्र चालतें, तो या खचलेल्या भूमीचीच देणगी होय. ज्या भेगांनीं जिल्ह्यास कोळसा दिला, त्यांच्याच प्रदेशांत मधूनमधून भूमि हालते. एकाच हातानें निसर्गानें धन दिलें आहे आणि इशाराही दिला आहे.

ताडोबाच्या आसपासच्या गांवांत वाघ रोज येत नाहीं. म्हणून कोणी रात्रीं गोठ्याचें दार उघडें टाकून निजत नाहीं. भूकंपाविषयीं एवढीच सावधगिरी पुरेशी आहे. भय नको, पण दार लावलेलें असावें.

ही सावधगिरी नसली म्हणजे काय होतें, तें महाराष्ट्रानें दोनदां पाहिलें आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगर हाललें. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, पहांटे चार वाजावयास चार-पांच मिनिटें असतां, लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूमि हालली. गणेशविसर्जन आटोपून गांवें गाढ झोपेंत होतीं. भूकंपाचें मान ६.२ होतें. जपानांत किंवा कॅलिफोर्नियांत एवढ्या मानाच्या भूकंपांत क्वचितच फार माणसें मरतात. येथें सरकारी गणतीप्रमाणें सुमारें ८ हजार माणसें मेलीं. विशेष हें कीं, त्या काळच्या भूकंपविषयक नकाशांत किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. नकाशावरचा सुरक्षित रंग पाहून निश्चिंत राहूं नये, हा धडा तेथें फार महाग मिळाला.

माणसें भूकंपानें मेलीं नाहींत, घरांनीं मारलीं. मराठवाड्याचीं तीं घरें ओबडधोबड दगडांच्या, मातींत रचलेल्या, हातभराहून अधिक जाडीच्या भिंतींचीं होतीं. वर लांकडी तुळयांवर मातीचें जड माळवद. गळूं नये म्हणून दरसाल त्यावर आणखी माती पडे. उन्हाळ्यांत थंड व हिंवाळ्यांत ऊबदार असें हें घर त्या हवेस फार सोयीचें. पण भूमि आडवी हालूं लागतांच भिंतींचे दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले आणि दगडमातीचा ढीग निजलेल्या माणसांवर आला. त्याच गांवांतून गरिबांच्या ज्या झोपड्या खांब, कुड व गवती छप्पर यांच्या होत्या, त्यांतील पुष्कळ उभ्या राहिल्या. श्रीमंतीनें बांधलेलें घर पडलें व दारिद्र्यानें बांधलेलें टिकलें, यांत दैवाचा खेळ नाहीं. तो वजनाचा नियम आहे.

हा नियम नीट समजावून घेतला पाहिजे. बैलगाडींत उभा असलेला मनुष्य गाडी एकदम चालूं लागली म्हणजे मागें कलतो. पाय गाडीबरोबर जातात, धड जागींच राहूं पाहतें. भूकंपांत घराची हीच गत होते. पाया भूमीबरोबर सरकतो. वरच्या भिंती व छप्पर जागींच राहूं पाहतात. आणि या ओढाताणींत भिंत फाटते. छप्पर जितकें जड, तितकी ही ओढ मोठी. यावरून एक गोष्ट सहज कळते: घराचा खरा शत्रु त्याचेंच वजन.

दुसरी गोष्ट लयीची आहे. झोक्यावर बसलेल्या मुलास योग्य क्षणीं थोडा थोडा रेटा दिला कीं झोका उंच जातो; भलत्याच क्षणीं दिला तर तो वाढत नाहीं. प्रत्येक इमारतीसही डोलण्याची स्वतःची एक लय असते. एकमजली, दुमजली, ताठ इमारत एका सेकंदांत पांच-दहा वेळां थरथरते. उंच इमारत सावकाश डोलते. कठीण भूमीवर भूकंपाचे हेलकावेही बहुतांशीं असेच द्रुत असतात. बैठ्या घराची लय व भूकंपाची लय एक झाली कीं घराचा झोका अनावर होतो.

मग उपाय दोन. एक, घर इतकें मजबूत करावें कीं त्यानें ही ओढाताण सोसावी. दुसरा, घराची लयच बदलावी, म्हणजे ओढाताण घरापर्यंत फारशी पोंचूंच नये. या दुसऱ्या उपायास इंग्रजींतून आलेल्या शब्दांनीं ‘बेस आयसोलेशन’ म्हणतात. मराठींत त्याला पाया-विलगीकरण म्हणतां येईल.

नांव नवें असलें तरी त्यांतील तत्त्व गडचिरोलीच्या रानवाटांवर रोज पाहावयास मिळतें. माडिया मनुष्य खांद्यावर बांबूची कावड घेऊन झपाझप चालतो. त्याचा खांदा प्रत्येक पावलाला खालींवर होतो, पण कावडीचीं दोन्ही टोंकें आपल्या सावकाश लयींत हेलकावत असतात आणि भांड्यांतलें पाणी हिंदकळत नाहीं. बांबूच्या जागीं लोखंडाची ताठ पहार असती, तर प्रत्येक पावलाचा हिसका थेट भांड्यास बसला असता. लवचिक बांबू पावलांची द्रुत लय भांड्यापर्यंत जाऊं देत नाहीं. कावडींत हालचाल उभी असते, भूकंपांत मुख्यतः आडवी, तत्त्व तेंच. भूमि म्हणजे खांदा, इमारत म्हणजे भांडें, आणि दोहोंमध्यें बांबूचें काम करणारी वस्तु घालावयाची, एवढीच ही युक्ति.

ही युक्ति शोधण्यास मात्र शंभर वर्षे लागलीं. टोकियो येथें अध्यापन करणाऱ्या जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८० नंतरच्या दशकांत एक लहान घर ओतीव लोखंडी गोळ्यांवर ठेवून पाहिलें. भूकंपांत तें बरें राहिलें, पण वाऱ्यानेंच हालूं लागलें. तेव्हां त्यानें गोळे काढून अगदीं बारीक छरे घातले. १९०९ सालीं एका इंग्रज डॉक्टरानें पाया व घर यांच्यामध्यें शंखजिऱ्याचा थर द्यावा अशी सूचना केली. घर सरकलें तर गॅसच्या नळ्या तुटूं नयेत, याचाही विचार त्यानें करून ठेवला होता. आपल्या देशांत १९३० सालीं धुब्री येथें व १९३४ सालीं बिहारांत भूकंप झाले, तेव्हां असें दिसून आलें कीं, जीं लहान विटांचीं घरें जोत्यावरून थोडीं सरकलीं तीं वांचलीं, आणि जीं पायाशीं घट्ट जखडलेलीं होतीं तीं ढासळलीं. यावरूनच पुढें रुडकी येथील अभियंत्यांनीं सरकत्या जोत्याच्या घरांवर प्रयोग केले.

युगोस्लाव्हियांतील स्कोप्ये शहर १९६३ सालीं भूकंपानें उद्ध्वस्त झालें. तेथें स्विस अभियंत्यांनीं १९६९ सालीं पेस्तालोझी या शिक्षणशास्त्रज्ञाच्या नांवानें एक तीन मजली शाळा रबराच्या ठोकळ्यांवर उभारली. भूकंपापासून बचावासाठीं रबरावर उभी राहिलेली ही पहिली इमारत, आणि ती शाळा असावी, ही गोष्ट मनांत धरण्यासारखी आहे. परंतु नुसतें रबर इमारतीच्या भारानें बाजूंस फुगूं लागलें. यावर तोड निघाली ती अशी: रबराचे पातळ थर व पोलादाचे पत्रे एकाआड एक रचून, उष्णतेनें एकजीव करून, त्यांची भाकरीच्या चवडीसारखी एक बैठक बनवावी. पत्रे रबरास बाजूंस फुगूं देत नाहींत, म्हणून बैठक शेंकडों टनांचा भार पेलते. पण आडव्या दिशेनें प्रत्येक थर थोडा थोडा सरकतो आणि सबंध बैठक हातभरही कलूं शकते. पुढें न्यूझीलंडमधील बिल रॉबिन्सन यांनीं या बैठकीच्या मध्यभागीं शिशाचा एक दंडगोल बसविला. शिसें वाऱ्याच्या रेट्यास दाद देत नाहीं. पण भूकंपाच्या जोरानें तें मळल्या कणकेसारखें दबतें, हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें जिरवितें आणि पुन्हां पूर्वींसारखें होतें. अशा बैठकींवरील पहिली इमारत वेलिंग्टन शहरांत १९८१ सालीं पुरी झाली.

अशा बैठकींवर ठेवलेल्या इमारतीची लय एका सेकंदाच्या अल्पांशावरून दोन-तीन सेकंदांपर्यंत लांबते. खालीं भूमि थरथरत असते. वर इमारत सावकाश, एकसंध, पुढेंमागें सरकते. भिंतींवर येणारा जोर पूर्वींच्या एका लहान अंशावर येतो. १७ जानेवारी १९९४ रोजीं लॉस एंजेलिस शहर हाललें, तेव्हां तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयाजवळ भूमीचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा मोजला गेला. बैठकींवर उभ्या असलेल्या त्या रुग्णालयाच्या अगदीं छपरापाशीं तो एकपंचमांशाच्या आसपासच राहिला, आणि रुग्णालयाचें काम चालूं राहिलें. साध्या इमारतींत याच्या उलट होतें. तेथें हिसका वर चढत वाढत जातो.

आपल्या देशांत या पद्धतीचा पहिला प्रात्यक्षिक प्रयोग झाला तो दूर कोठें नव्हे, तर किल्लारींतच. भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. नव्या किल्लारींत एक शाळा व एक दुकानांची इमारत, अशा दोन एकमजली इमारती रबरी बैठकींवर उभारण्यांत आल्या. भिंती साध्या विटांच्या, वर कांक्रीटचें छप्पर. दिसावयास त्या इतर इमारतींसारख्याच. भेद काय तो जोत्याखालीं. पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छचा भूकंप झाला. त्यांत भूज येथील सरकारी रुग्णालय कोसळलें, आणि ज्या क्षणीं जखमींना त्याची सर्वांत अधिक गरज होती त्याच क्षणीं तें नाहींसें झालें. त्याच्या जागीं शिसें व रबर यांच्या बैठकींवर नवें रुग्णालय बांधण्यांत आलें व तें २००४ सालीं सुरू झालें.

येथें कोणी विचारील कीं, असें आहे तर सर्वच घरें अशीं कां बांधूं नयेत? याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. ही पद्धति सर्वत्र चालत नाहीं. ती बैठ्या व मध्यम उंचीच्या, कठीण भूमीवरील इमारतींना लाभते. उंच इमारत मुळांतच सावकाश डोलणारी, तिला तिचा लाभ थोडा. मऊ भूमीवर तर ती उलटेल. मेक्सिको शहराचा बराच भाग आटलेल्या तळ्याच्या चिखलावर वसला आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजीं ती भूमि सुमारें दोन सेकंदांच्या सावकाश लयींत हालली. अशा ठिकाणीं रबरी बैठक घरास भूकंपाच्या लयीपासून दूर नेण्याऐवजीं तिच्याच हातीं देईल. गडचिरोलीच्या पूर्वेकडील डोंगराळ भागांत अतिप्राचीन कठीण खडक आहे. चंद्रपूरकडे पुष्कळ ठिकाणीं काळी, पावसांत फुगणारी माती व गाळ आहे. म्हणून प्रथम भूमीची परीक्षा, मग बैठकीचा विचार.

भूमि खचण्यावरही हा उपाय नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्यें घुग्घुस येथें एक राहतें घर जमिनींत गडप झालें. जुन्या खाणींनीं पोकळ झालेल्या भूमीवर कोणतीही बैठक काय करणार? तेथें घर हलविणें हाच उपाय. शिवाय बैठकींवरच्या इमारतीस सरकण्यासाठीं चोहोंकडून रिकामा चर लागतो. नळ, तारा व जिने यांस लवचिक जोड लागतात. त्या चरांत कोणी विटांचे ढीग रचले किंवा शेजारची भिंत आणून टेंकविली, तर केलेला सर्व खर्च व्यर्थ होईल. चर म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे, इमारतीचा तो एक अवयव आहे, हें पुढील पन्नास वर्षे तेथील प्रत्येक शिपायास व मुकादमास ठाऊक असलें पाहिजे. आणि खर्चही आहेच. गरिबाच्या दोन खोल्यांच्या घरास तो परवडणारा नाहीं.

मग चंद्रपूर-गडचिरोलीकरांनीं या विद्येचा उपयोग कोठें करावा? जेथें एका इमारतीच्या पडण्यानें सबंध मुलुख पोरका होईल, तेथें. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याचा दोनतृतीयांश भाग अरण्यानें व्यापलेला आहे. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा जगाशीं संबंध तुटावा, हा तेथल्या अनेक पावसाळ्यांचा अनुभव. पुण्यामुंबईस एक रुग्णालय बंद पडलें तर रोगी दुसऱ्यांत नेतां येतो. सिरोंचा, एटापल्ली, अहेरी या भागांतील मनुष्यास दुसरें रुग्णालय म्हणजे दुसरा दिवस. आणि जखमी मनुष्याजवळ पुष्कळदां दुसरा दिवस नसतो. चंद्रपूर येथें २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गडचिरोलीसही आतां तें निघालें आहे. अशा संस्थांच्या व तालुक्याच्या रुग्णालयांच्या नव्या इमारतींचे नकाशे होतील, तेव्हां भूमि कठीण असेल तेथें पाया-विलगीकरणाचा विचार झालाच पाहिजे. रुग्णालयाचें मोल केवळ भिंतींत नसतें. शस्त्रक्रियेचीं यंत्रें, रक्तपेढी, प्राणवायूच्या नळ्या, हें सर्व भिंती उभ्या राहूनही हिसक्यानें निकामी होऊं शकतें. बैठकीचा खरा लाभ हा कीं, ती भिंतींबरोबर आंतलें कामही वांचविते.

ही गोष्ट केवळ श्रीमंत शहरांची नव्हे. चीनमधील लुशान हा डोंगराळ तालुका. २० एप्रिल २०१३ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. त्या तालुक्याच्या रुग्णालयाची बाह्यरुग्ण विभागाची इमारत रबरी बैठकींवर बांधलेली होती. शेजारच्या इमारती वापरण्यायोग्य राहिल्या नाहींत. ही एक राहिली आणि जखमींची शुश्रूषा तेथेंच झाली. सिरोंचा किंवा भामरागड यांच्यासाठीं टोकियोपेक्षां लुशानचा दाखला अधिक जवळचा आहे.

राहिलें सामान्य मनुष्याचें घर. त्याविषयीं एक विचित्र अवस्था आज या जिल्ह्यांत आली आहे. गोंड व माडिया यांचें जुनें घर लांकडी खांबांचें, बांबूच्या कुडाचें, वर मातीचा लेप व कवेलू अथवा गवत असें. हें घर हलकें व लवचिक. भूकंपांत त्याचा लेप गळेल, कवेलू सांडतील. पण तें माणसास सहसा गाडणार नाहीं. आतां सरकारी घरकुल योजनांतून विटांच्या भिंतींचीं व कांक्रीटच्या छपराचीं पक्कीं घरें होत आहेत. पावसापासून, आगीपासून व सापकिरडापासून तीं निश्चित चांगलीं. त्यांचा हेवा कोणीं करूं नये. परंतु ‘पक्कें’ हा शब्द पावसापुरता खरा असून भूकंपापुरता खोटा ठरतां कामा नये. किल्लारीचीं जाड भिंतींचीं घरेंही पक्कींच समजलीं जात होतीं.

अशा घरास रबरी बैठक नको. कांहीं थोड्या गोष्टी पुरतात. जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर, लिंटेलच्या उंचीला, सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा सळ्यांचा कांक्रीटी पट्टा असावा. पिंपास जशी लोखंडी धांव, तसा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र आवळून धरतो. चारी कोपऱ्यांत पायापासून छपरापर्यंत उभी सळी असावी. दारें-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवाव्या. दगडी भिंत असेल तर मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घालावे, म्हणजे तिचे दोन पदर सुटणार नाहींत. आणि छपरावर विनाकारण भार वाढवूं नये. हें सर्व गांवच्या गवंड्यास एका दिवसांत शिकवितां येतें, व हप्ता देण्यापूर्वीं तपासणाऱ्यास एका नजरेंत पाहतां येतें. एकदां गिलावा झाला म्हणजे पट्टा आहे कीं नाहीं, हें भूकंपच सांगतो.

भूकंप केव्हां येईल हें आज कोणतेंही शास्त्र दिवस व घटका देऊन सांगूं शकत नाहीं. तो आला असतां कोणतें घर पडेल, हें मात्र पुष्कळ अंशीं आजच सांगतां येतें. जें कळत नाहीं त्याची चिंता करीत बसण्यापेक्षां जें कळतें त्याप्रमाणें वागणें, हें शहाणपणाचें. गांवांत रुग्णालयाचा पाया खोदला जात असेल तेव्हां त्याच्या नकाशाविषयीं चार प्रश्न विचारणारे नागरिक असावे, आणि स्वतःच्या घराची भिंत जोत्यावर आली असेल तेव्हां गवंड्यास थांबवून पट्ट्याच्या सळ्या मोजणारा घरधनी असावा.